जन्म घ्यायचाच असेल तर 2011 च्या आधी घ्या

राजेहो, घरात पाळणा हलणार असेल तर आधी हे वाचून घ्या. मागच्या आठवड्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंसोबत मी रेशनच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या, भर उन्हात, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. तिसऱ्या चकरेत ज्ञान झालं, ते फुकटात वाटून राहिली आहे.

सल्ला पहिला. भारतात जन्म घ्यायचाच असेल तर मार्च 2011 च्या आधी उरकून घ्या. तेव्हाच्या जनगणनेत देशात 121 कोटी लोक मोजले, आणि मोजणारे जे गेले ते गेलेच. नंतर आलेल्यांनी आपलं आपलं पाहावं.

बाईंना सुनेचं आणि दोन नातवांचं नाव कार्डावर चढवायचं होतं. मोठा पाचवीत, धाकटा अंगणवाडीत. आधार आहे, जन्मदाखला आहे, शाळेचा बोनाफाईड आहे, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. साहेबांनी खर्रा या गालातून त्या गालात सारला, स्क्रीनकडे पाहिलं न पाहिलं आणि म्हणाले, "इष्टांक फुल्ल आहे ताई." आता हा इष्टांक काय भानगड, तर अन्नसुरक्षेचा कायदा आला 2013 ला, धान्य किती लोकांना द्यायचं तो आकडा बसवला 2011 च्या लोकसंख्येवर, महाराष्ट्रात शहरातले 45.34 टक्के अन् खेड्यातले 76.32 टक्के, सगळे मिळून 7 कोटींच्या आसपास, आणि वर झाकण लावून दिलं. त्यानंतर पोरं जन्मून राहिली, लग्नं होऊन सुना येऊन राहिल्या, लोक गावाकडून शहरात येऊन राहिले, पण आकडा ढिम्म. मी म्हटलं, भाऊ, मग नवीन नाव चढतच नाही का? "चढते ना. कोणाचं कमी झालं का चढवतो." कोणाचं कमी होते म्हणजे काय, कोणी मेल्यावर? ते काही बोलले नाहीत, पुढच्या माणसाला हात केला.

सल्ला दुसरा: वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीची रोज चौकशी करा.

तिसरा. पगार वाढू देऊ नका. शहरात कार्डासाठी घरची कमाई वर्षाला 59 हजारांच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. पाच माणसांत. नागपुरात. कूलर न लावता.

चौथा: लेआउटमध्ये प्लॉट घेताना 2011 चं नागपूर डोळ्यासमोर ठेवा. तेव्हा शहर 24 लाखांचं मोजलं होतं. आता 2026 च्या महापालिका निवडणुकीचे प्रभागही त्याच आकड्यावर पाडले, मग तुम्ही कोण मोठे लागून गेले? आमच्या लेआउटात तेव्हा सहा घरं अन् बाकी तुरीचं शेत होतं.

पाचवा सल्ला, कोणी विचारलंच तर कोरोना म्हणायचं. 2021 ची जनगणना कोरोनामुळे राहिली, बरोबर आहे, कोण नाही म्हणते. फक्त अमेरिकेनं त्याच कोरोनात 2020 मध्ये मोजलं, चीननं 2020 च्या नोव्हेंबरात मोजलं, इंग्लंडनं 2021 च्या मार्चमध्ये मोजलं. डेन्मार्कात तर 1981 पासून दारोदार जातच नाहीत, सरकारी नोंदींवरूनच हिशोब लावतात. आपल्याकडे नोंदी कमी आहेत का बाप्पा? सिमला आधार, बँकेला आधार, गॅसला आधार, अन् एवढं करून पाचवीतलं पोरगं अजून आकड्यात नाही. 1881 पासून दर दहा वर्षांनी मोजत आलो, 1941 ला महायुद्ध पेटलं होतं तरी इंग्रजांनी मोजलंच. आणि आपण कोरोना संपल्यावर निवडणुका घेतल्या, सभा घेतल्या, लग्नं लावली, डीजे वाजवले, फक्त माणसं मोजायला तेवढी सवड नव्हती!

जाऊ द्या ते सल्ले-बिल्ले, डोकं फिरून राहिलं माझं. आता कुठे एप्रिल ते सप्टेंबर 2026 घरयादी आणि फेब्रुवारी 2027 मध्ये माणसांची मोजणी ठरली आहे, तर आमच्या लेआउटच्या ग्रुपवर ज्ञानी लोक काय टाकून राहिले? 'भाडेकरू सांगू नका, टॅक्स वाढतो.' 'कोणी आलं तर दार उघडू नका.' अरे, लाज वाटत नाही का? 1948 चा जनगणना कायदा आहे, तुमची माहिती ना कोणाला पाहता येत, ना कोर्टात पुरावा म्हणून चालत. टॅक्सवाल्याला कोण देते? ज्या मास्तरीणबाई उन्हातान्हात तुमच्या गेटावर उभ्या राहतील ना, त्यांना पाणी विचारा आणि भाडेकरूसकट खरी माणसं सांगा. तुम्ही लपवलेलं माणूस पुढची कित्येक वर्षं कुठल्यातरी खिडकीतून परत पाठवलं जाते, कळते का? आणि सरकारलाही तेच सांगणं आहे, सहा वर्षं उशीर तुम्ही केला, त्याची शिक्षा लेकरांना कशाला?

घरयादीच्या 33 प्रश्नांत एक असाही आहे की घरात मुख्य धान्य कोणतं खाता. आमच्या बाईंना विचारा म्हणा. माणशी पाच किलोप्रमाणे कार्डावरच्या दोघांचं दहा किलो येते, ताटं पाच लागतात.