‘शंभरातले तीसच पदवी घेतात’: कम्युनिटी कॉलेजवरच्या फॉरवर्डला उत्तर

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. बारावीतल्या मुलांच्या आईबाबांनी तो इतका पुढे ढकललाय की त्याच्या डोक्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का बसलाय. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) म्हणजे करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी. शंभरातले तीसच पदवी घेऊन बाहेर पडतात. दारात येईल त्याला प्रवेश, मग दर्जा कुठून असणार? मूल्यमापन स्वतःचं स्वतःच करतात, म्हणून पास होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजची मान्यता तर वाईट शिकवण्यामुळे जाता जाता वाचली. तेव्हा मुलांची दोन वर्षं तिथे वाया घालवू नका.

मी अशाच एका कॉलेजात संध्याकाळी संख्याशास्त्र शिकवते, तेही आपल्याकडे म्हणतात तसं तासिका तत्त्वावर. म्हणजे मी काही तटस्थ नाही. पण मेसेजातला पहिला आकडा माझ्याच विषयाच्या हद्दीत येतो, आणि तो तसा खोटाही नाही.

‘शंभरातले तीसच’

हा आकडा अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याकडून येतो. १९९०च्या एका कायद्याने तो जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक झालं. पण त्यात धरतात कुणाला? आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, पदवी किंवा सर्टिफिकेट हवंय असं नोंदवलेले, आणि पहिल्या सत्रात पूर्णवेळ, म्हणजे निदान बारा युनिट (आपल्या भाषेत क्रेडिट) घेतलेले. यातल्या किती जणांनी त्याच कॉलेजातून तीन वर्षांत अभ्यासक्रम पुरा केला, तेवढंच मोजायचं.

आता माझा मंगळवारचा वर्ग घ्या. पुढच्या बाकावर बसणारा एक जण दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि सत्राला दोनच विषय घेतो. तो या हिशेबात नाहीच. त्याच्या मागे बसतात त्या बाई नागपूरहून बी.कॉम. होऊन आलेल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि आता नोकरीसाठी इथल्या अकाउंटिंगचे तीन-चार विषय आणि थोडं संख्याशास्त्र त्यांना हवंय. पदवी त्यांच्याकडे आहेच, त्यामुळे त्याही हिशेबात नाहीत. मागच्या वर्षीची एक मुलगी असोसिएट, म्हणजे इथली दोन वर्षांची पदवी न घेताच थेट यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) डेव्हिस कॅम्पसला गेली. ती हिशेबात आहे, पण ‘पदवी न घेतलेली’ म्हणून! आणखी एक जण पहिल्या सत्रात पूर्णवेळ होता. मग वडिलांची नोकरी सुटली, हा अर्धवेळ झाला, आणि पदवीला चार वर्षं लागली. तोही छेदात आहे, अंशात नाही.

देशभर या कॉलेजांतले साधारण दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ असतात. म्हणजे बहुतेकांना बाजूला ठेवून काढलेला आकडा सगळ्यांच्या नावावर खपवला जातोय. चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर होऊन गेलेल्यांची नोंद कॉलेज देतं, कारण विद्यार्थ्यांना पुढच्या विद्यापीठासाठी तयार करणं हे ज्यांच्या ध्येयातच आहे त्यांना ती द्यावीच लागते. पण ती वेगळ्या रकान्यात असते, आणि फॉरवर्ड करणारे एकच रकाना वाचतात.

एवढ्यावर हायसं वाटून घेऊ नका. सगळ्यांना धरलं, मुदत सहा वर्षं केली आणि दुसऱ्या कॉलेजात पुरी केलेली पदवीही मोजली, तरी आकडा चाळीस टक्क्यांच्या थोडासाच वर जातो. इथून सुरुवात करणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात जातात आणि सहा वर्षांत बॅचलर पदवीपर्यंत पोचतात सोळा टक्के. येताना मात्र बहुतेकांनी बॅचलर पदवीचंच स्वप्न पाहिलेलं असतं. मेसेज लिहिणाऱ्याला हा आकडा सापडला असता तर तो जास्त बोचरा ठरला असता. पण मग ‘हे का होतं’ हेही सांगावं लागलं असतं.

‘उधळपट्टी’

या ‘का’चं उत्तर न्यूयॉर्कमध्ये बऱ्यापैकी पक्कं मिळालंय. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने, म्हणजे क्यूनीने, २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं, ही अट. बदल्यात उरलेली फी माफ, पुस्तकं मोफत, सबवेचं मेट्रोकार्ड मोफत, आणि मुख्य म्हणजे एक सल्लागार, ज्याच्याकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी असतात. एरवी त्याच कॉलेजांत एका सल्लागारामागे सहाशे ते पंधराशे विद्यार्थी असायचे. पंधराशे! त्यात कुणाचा चेहरा लक्षात राहणार?

एमडीआरसी या संशोधन संस्थेने याची रीतसर चाचणी घेतली. गरीब घरचे, गणित किंवा इंग्रजीत कच्चे म्हणून उजळणीचे विषय घ्यावे लागलेले विद्यार्थी निवडले आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. तीन वर्षांत असॅपवाल्यांपैकी चाळीस टक्के पदवीधर झाले, दुसऱ्या गटातले बावीस टक्के. कॉलेजं तीच, प्राध्यापक तेच, मुलंही तशीच. खर्च मात्र विद्यार्थ्यामागे साठेक टक्के जास्त झाला. तरीही एका पदवीमागचा खर्च कमीच पडला, कारण पदव्या जवळपास दुप्पट झाल्या. पुढे ओहायोतही हाच प्रयोग झाला आणि तिथेही प्रमाण असंच वाढलं.

म्हणजे पैसा कमी घालून मुलं मधेच गळू देणं, हीच खरी उधळपट्टी. अर्थात असॅप हा सगळ्यांवरचा उतारा नाही. माझ्या फोर्कलिफ्टवाल्याला ‘पूर्णवेळ शीक’ म्हणून सांगायची माझी तरी हिंमत नाही.

फीचंही सांगते. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना २०१२पासून एका युनिटला ४६ डॉलर पडतात. साठ युनिटांची असोसिएट पदवी २,७६० डॉलरमध्ये होते. यूसीच्या एका वर्षाच्या फीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. (बाहेरच्या राज्यातून किंवा परदेशातून आलेल्यांना हा दर लागू नाही, हे भाच्याला बोलावून घेण्याआधी तपासा.)

‘येईल त्याला प्रवेश’

हो. त्यासाठीच ती काढलीत. १९६०च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनने वाटणी स्पष्ट केली: शाळा संपवणाऱ्यांतले वरचे साडेबारा टक्के यूसीकडे, वरचे एक तृतीयांश कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीकडे, आणि कम्युनिटी कॉलेजांनी कुणालाच परत पाठवायचं नाही. दर्जा प्रवेशाच्या दारात मोजायचा नसतो, तो बाहेर पडताना दिसतो. यूसीचे साधारण तीस टक्के पदवीधर कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतात, आणि यूसीत पोचल्यावर तिथे थेट गेलेल्या मुलांइतक्याच प्रमाणात ते पदवी पुरी करतात.

‘स्वतःचं मूल्यमापन स्वतःच’

भारतात कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा एसएसआर, म्हणजे स्वयंमूल्यांकन अहवाल, लिहिताना रात्री जागवलेल्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. कॉलेज आधी स्वतःचा अहवाल लिहितं: आमचं ध्येय काय, त्यासाठी माणसं, पैसा, इमारती किती, आणि तेवढ्यात ते ध्येय झेपतंय का. मग इतर कॉलेजांतल्या लोकांचं पथक येऊन पडताळणी करतं आणि निर्णय मान्यता आयोग घेतो. या पद्धतीला शंका घेण्याजोगी नक्कीच जागा आहे. आपल्याकडे २०२५च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीतल्या लोकांना लाचेच्या प्रकरणात अटक केली, ते सगळ्यांनी वाचलंय. इथला रोग वेगळा आहे, तो कागदांचा. आमच्या विभागाने आपल्या आढाव्यात ‘लागणारी साधनसामग्री’ या रकान्यात रात्री आठनंतर एक ट्यूटर मागितला होता. संध्याकाळच्या वर्गांत नापास होणारे जास्त, हे त्याच आढाव्याच्या तक्त्यात दिसत होतं. उत्तर आलं: ‘मागणी महाविद्यालयाच्या ध्येयाशी सुसंगत आहे.’ ट्यूटर काही आला नाही.

पण ‘म्हणून पास होतात’ हे साफ चूक, आणि ते चूक ठरवणारं उदाहरण मेसेजातच पुढच्या ओळीत आहे.

सिटी कॉलेजचं खरं काय झालं

१९३५ साली निघालेलं हे कॉलेज. तिथे एके काळी नव्वद हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. ट्रान्सफर करणारी मुलं, स्वयंपाकाचा डिप्लोमा करणारे, चायनाटाऊनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या आज्या, निवृत्तांचे वर्ग, सगळं एकाच छपराखाली. २००८च्या मंदीनंतर राज्याने पैसा कापला. इतर कॉलेजांनी वर्ग बंद केले. सिटी कॉलेजने शक्य तितके वर्ग आणि शिक्षक टिकवले, आणि गंगाजळी आटत गेली. अंथरूण राज्याने ओढून घेतलं, कॉलेजने पाय आखडले नाहीत.

२०१२च्या जुलैत आयोगाने ‘कारणे दाखवा’ नोटीस बजावली. ठपका मुख्यतः कशावर होता? अपुरी गंगाजळी, मोजकेच प्रशासक, विभागप्रमुखांच्या हाती एकवटलेले निर्णय, आणि साधनांशी मेळ न बसणारं अघळपघळ ध्येय. विद्यार्थी काय शिकले याच्या नोंदी नीट नाहीत, असंही एक कलम होतं. पण वर्गात वाईट शिकवतात म्हणून हे घडलं, हे मेसेजवाल्याच्या मनचं.

त्यानंतर कॉलेजने आपलं ध्येयाचं निवेदनच बदललं. ट्रान्सफर, असोसिएट पदवी, व्यवसायशिक्षण, मूलभूत कौशल्यं आणि इंग्रजी ही मुख्य कामं ठरली. बाकी सगळं ‘साधनं असतील तरच’. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात क्लेशदायक भाग. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर होतं, यात वाद नाही. पण त्या तीन शब्दांत कुणाच्या तरी आजीचा वर्ग गेला.

त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी कॉलेजसाठी प्रत्येक मिळकतीमागे वर्षाला ७९ डॉलरचा कर स्वतःहून लावून घेतला. तरी २०१३च्या जुलैत आयोगाने वर्षभराने मान्यता काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि हजारो विद्यार्थी गळले. शहराचे वकील डेनिस हेरेरा कोर्टात गेले. पाहणी पथकात आयोगाच्या अध्यक्षबाईंचे यजमानच होते, यावर केंद्रीय शिक्षण खात्यानेही बोट ठेवलं. २०१४च्या जानेवारीत न्यायाधीशांनी निर्णयाला स्थगिती दिली आणि २०१५ साली आयोगानेच निष्पक्ष प्रक्रियेचे नियम मोडल्याचा निकाल दिला. २०१७च्या जानेवारीत कॉलेजला पूर्ण सात वर्षांची मान्यता मिळाली. म्हणजे या गोष्टीत कॉलेजचा कारभारही ढिला होता आणि परीक्षकही धुतल्या तांदळासारखा नव्हता. एका ओळीच्या मेसेजात हे मावत नाही, हे मी समजू शकते.

क्षमतेबद्दल, जे मेसेजात नाहीच

जागा किती, हा प्रश्न खुर्च्या मोजून सुटत नाही. नर्सिंगचंच बघा. मागणी प्रचंड असते, वर्गखोली रिकामी असते, तरी प्रवेश मोजकेच. कारण विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी रुग्णालयात पाठवावं लागतं आणि तिथल्या जागा कॉलेजच्या हातात नसतात. कुठे कुठे तर पात्र अर्जदारांतून सोडत काढतात. उलट काही वर्ग रिकामे राहतात, कारण ते सकाळी अकराला ठेवलेले असतात आणि विद्यार्थी अकराला कामावर असतात.

पैशाचं गणितही यात आड येतं. २०१८पासून कॅलिफोर्नियात कॉलेजचा मुख्य निधी ढोबळमानाने असा ठरतो: सत्तर टक्के पटसंख्येवर, वीस टक्के गरीब विद्यार्थ्यांच्या संख्येवर, दहा टक्के यशावर. पटासाठी वर्षाचे ५२५ तास म्हणजे एक पूर्णवेळ विद्यार्थी. फोर्कलिफ्टवाल्यासारखे सत्राला दोन-दोन विषय घेणारे दोन-तीन जण मिळून कागदावर एक माणूस होतो, पण समुपदेशकाच्या खोलीबाहेर ते दोन-तीन जण म्हणूनच उभे असतात.

‘दोन वर्षं वाया’

हे होऊ शकतं, नाकारत नाही. विषय मधेच बदलला, विद्यापीठ मान्य करत नाही असे युनिट घेतले, पहिल्या सत्रात समुपदेशकाला भेटलंच नाही, तर दोनाची तीन वर्षं होतात. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा तीस टक्क्यांचं विचारू नका. विचारा की एका समुपदेशकामागे किती विद्यार्थी, तुमच्या मुलाच्या विषयातून दरवर्षी किती जण कुठे ट्रान्सफर होतात, आणि लागणारे गणित-विज्ञानाचे वर्ग दर सत्राला असतात की वर्षातून एकदाच. कुठला विषय कुठल्या विद्यापीठात चालतो हे असिस्ट या संकेतस्थळावर फुकट बघता येतं.

आणि यूसीच्या प्रवेशहमीबद्दल: ‘टॅग’, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून यूसीत ट्रान्सफर मिळण्याची हमी, यूसीच्या सहाच ठिकाणी मिळतं, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. अर्ज सप्टेंबर महिन्यातच भरावा लागतो, ऑक्टोबर उजाडला की ती खिडकी बंद.