शेवटी बोलेल त्याचं खरं

माझ्या वेबसाइटवर शोधाचा निकाल दाखवणारं पान मला माझ्या मनासारखं हवं होतं. डावीकडे छोटं चित्र, शेजारी मथळा, आणि काहीच सापडलं नाही तर वाचकाला धीर देणारी दोन वाक्यं. साइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या, फोल्डरात सर्च डॉट पीएचपी नावाची फाइल ठेवायची, एवढंच. ती नसेल तर बिचारा इंडेक्स डॉट पीएचपीवर भागवतो. मी फाइल लिहिली, चढवली, शोध घेतला आणि समोर आलं भलतंच पान.

कॅशे, म्हणजे पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती, रिकामी केली. त्यानं सहसा काही होत नाही, पण हाताला काम मिळतं. मग वैतागून फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत ‘मी इथे आहे’ असं लिहिलं. पानावर ते उमटेना. म्हणजे माझी फाइल कुणी उघडतच नव्हतं!

एकेक प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेली जादा सोय, बंद करत गेल्यावर चोर सापडला. शोध ‘अधिक चांगला’ करण्याचं व्रत घेतलेलं प्लगिन. त्याच्या कर्त्यांना विचारलं, तर म्हणाले, थीममध्ये गडबड आहे. थीमवाले म्हणाले, प्लगिनवाल्यांना विचारा. दोघांनीही शेवटी माझा दिवस आनंदात जावो अशी इच्छा व्यक्त केली.

खरी मेख ‘टेम्प्लेट इन्क्लूड’ या फिल्टरमध्ये होती. कुठली फाइल वापरायची हे वर्डप्रेस ठरवतो, पण पान दाखवण्याआधी सगळ्यांना विचारतो, बदल सुचवायचाय का? बोलण्याचा क्रम आकड्यावर. काही सांगितलं नाही तर १०. लहान आकडा आधी, मोठा नंतर. घरच्या बैठकीत सगळ्यांचं ऐकून शेवटी आत्याबाई म्हणतील तेच होतं, तसा हा कारभार. प्लगिननं स्वतःला ९९ दिले होते. मी चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला हात न लावता आपले बदल ठेवायच्या जागी, चार ओळी लिहिल्या आणि १०० घेतले. पान आलं!

प्लगिनच्या पुढच्या आवृत्तीत ९९ चे ९९९ झाले. माझ्यासारखे आणखी असणार.

मग मीही लाजलो नाही. ६४-बिट यंत्रावर पीएचपीला, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलाय तिला, झेपणारा सर्वांत मोठा पूर्णांक लावला: ९२२३३७२०३६८५४७७५८०७. त्यांनीही उद्या तोच घेतला तरी हरकत नाही. आकडा सारखा असेल तर आधी नोंदवलेला आधी बोलतो, आणि प्लगिनं थीमच्या आधी चढतात. त्यांनी नोंदणीच उशिरा केली तर मात्र माझी पंचाईत आहे. कृपया हे त्यांना कुणी सुचवू नका.