शून्य निकालाचा खुलासा द्या म्हणे!

आज शिक्षकांच्या ग्रुपवर पत्र पडलं: शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल शून्य लागलेल्या, म्हणजे एकही पोरगं पात्र न झालेल्या शाळांनी दोन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. सोबत लिंक. त्यात मराठी, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता असे चार रकाने आणि प्रत्येकापुढे ‘विषयतज्ज्ञ मार्गदर्शकाचे नाव’. चारही सक्तीचे, रिकामं सोडलं तर लिंक पुढे सरकत नाही. अहो, द्विशिक्षकी शाळा आहे! एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी. त्यातला एक ‘तज्ज्ञ’ बीएलओ म्हणून मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरतोय. वर जादा वर्गाचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटोही हवा. फोटोत पोरं दिसली की गुणवत्ता वाढली!

परीक्षा ३०० गुणांची. त्यातले १०० बुद्धिमत्ता चाचणीचे, आणि या विषयाचं ना पाठ्यपुस्तक, ना वेळापत्रकात तासिका. आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेतलं स्थान हे कुणीतरी समोर बसून घोटून घेतल्याशिवाय येत नाही. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात. दुसरा पेपर इंग्रजी ५० आणि बुद्धिमत्ता १०० असा १५० चा, म्हणजे ६० गुण. नुसत्या इंग्रजीच्या जोरावर ५० पैकी ५० पाडले तरी पोरगं अपात्रच! नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला तर ८० पैकी ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे.

शिष्यवृत्तीच्या एका पेपरला ९० मिनिटं, प्रश्न ७५. एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यातच उत्तरपत्रिकेवर उत्तराचा गोल रंगवायचा. ती उत्तरपत्रिका परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा हातात आली, तर एक प्रश्न सोडल्यावर पोरगं पुढचं उत्तर त्याच्याच गोलात भरतं आणि खालची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकतात. पेनाने रंगवलेलं, खोडताही येत नाही.

एवढं तावातावाने लिहूनही चारही रकान्यांत एकच नाव मुदतीच्या आत भरलं जाणारच आहे. ‘माहिती अप्राप्त’ यादीत शाळेचं नाव लाल रंगात आलेलं आमच्यासारख्या शूरांना सोसत नाही.

तालुक्याच्या मोठ्या शाळेत पाचवीला स्वतंत्र शिक्षक, जूनपासून जादा तास, दर शनिवारी सराव पेपर. राबतात ती मंडळी, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. (त्यांच्या बॅनरवर पोरांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे, त्याबद्दल आहे.) वाडीवरचं पोरगं शाळा सुटल्यावर अंधाराच्या आत घरी पोचायला हवं, त्याचा जादा वर्ग कधी घ्यायचा?

२०१६-१७ ला परीक्षा चौथीवरून पाचवीला नेली. चौथीपर्यंतच्या शाळा एका फटक्यात बाद, आणि पोरं पाचवीला नव्या शाळेत गेल्यावर तयारीला वाली कोणी नाही. आता परत चौथीला आणताय. आणा. पण ज्यांच्यावरून तयारी करायची त्या गाइडांचं काय, ज्यांची उत्तरसूचीच चुकलेली असते?

आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं, त्यात बुद्धिमत्तेसाठी एक फिरता शिक्षक द्या, शाळेला आठवड्यातून दोन तास पुरे. आणि पोरामागे दहा कोऱ्या उत्तरपत्रिका, झेरॉक्सही चालतील. सादिलातून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून) करा म्हणू नका, सादिल अजून आलेलं नाही.