पंधरा हजारात कॅमेऱ्याची लेन्स कशी घ्यावी (अनुभवी माणसाचा सल्ला)

भावा, भिशी लागली, हप्ते-बिप्ते जाऊन हातात पंधरा हजार उरलेत आणि आता पुढची लेन्स कुठली घ्यावी म्हणून तुझी झोप उडालीय हे मला कळतंय, कारण मी यातनं चारदा गेलोय आणि चारी वेळा व्यवस्थित चुकलोय, म्हणजे माझ्याएवढा अनुभवी माणूस तुला अख्ख्या कोल्हापुरात घावायचा न्हाई.

तर पहिलं म्हणजे, बजेट पंधरा हजार आहे म्हणून पंधरा हजारातल्या लेन्स बघत बसू नकोस, माणूस खचतो. सुरुवात थेट ७०-२०० एफ २.८ पासनं करायची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी ती भलीमोठी लेन्स. लाखाच्या वर जाते, वजन दीड किलोच्या आसपास, घ्यायची तर न्हाईच आहे, पण रात्री दीड वाजेपर्यंत तिचे रिव्ह्यू बघितले की चाळीस हजाराची लेन्स कशी कोथिंबिरीच्या भावात मिळाल्यासारखी वाटायला लागते. मग नो कॉस्ट ईएमआय आहेच. घरात कुणी विचारलं तर 'सेलमध्ये होती' एवढंच बोलायचं आणि जेवायला बसायचं.

दुसरं, आणि हे लई महत्त्वाचं, स्वतःचे जुने फोटो उघडून बघायचे न्हाईत. प्रत्येक फोटोच्या डिटेल्समध्ये तो किती एमएमवर काढलाय ते लिहिलेलं असतं आणि तिथंच घात होतो. मी एकदा चुकून बघितलं. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे सहाशे फोटो, गुलाल, गर्दी, आभाळाला टेकलेल्या सासनकाठ्या, आणि त्यातले चारशेच्या वर १८ एमएमवर काढलेले (आकडा जेवढा लहान, तेवढं फोटोत जास्त मावतं). म्हणजे किट लेन्स, कॅमेऱ्याबरोबरच आलेली १८-५५, जेवढी वाइड जाते तेवढी करून झाली तरी प्रत्येक फोटोत काठीचा शेंडा कापलेला. आपल्याला १०-१८ सारखी अजून वाइड लेन्स पाहिजे हे शेंबड्या पोरालापण कळलं असतं.

म्हणून मी टेली घेतली, लांबचं जवळ दाखवणारी.

टेली घेतली म्हटल्यावर दाजीपूरचं जंगल आलंच. पहाटे चारला उठून गेलो, झाडीत अंधार, त्यात गवा, म्हणजे मुळात काळं जनावर, आणि आपली लेन्स ३०० एमएमला ५.६ च्या पुढं उघडत न्हाई, म्हणजे उजेड कमीच घेते. बॉक्सवर स्टॅबिलायझर असं मोठ्या अक्षरात होतं म्हणून शटर १/३० सेकंदावर टाकून बिनधास्त दाबत गेलो. स्टॅबिलायझर आपला हात धरतो, गव्याचा धरत न्हाई, हे घरी आल्यावर समजलं. गव्याच्या चारी पायांना गुडघ्याखाली पांढरा रंग असतो, मोजे घातल्यासारखा. माझ्या फोटोत तेवढेच दिसतात. अंधारात चार मोजे वाळत घातलेत. दाजींनी विचारलं, कपडे कुणाचे?

आता ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं, आणि मागचं तेवढं धूसर. किट लेन्स ५५ ला ५.६ उघडते, तिथं ५० एमएम एफ १.८ जवळजवळ दहापट उजेड आत घेते, स्वस्त असते, वजनाला काडीपेटीसारखी हलकी. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच तिथं थांबायचं न्हाई. १.४ बघायची. १.८ पेक्षा उजेड दीडपटीहून थोडा जास्त आणि किंमत कितीतरी पट, पण '१.८ घेतली' म्हटल्यावर कट्ट्यावर कोण मान तरी वर करतंय का?

अगदीच नाईलाज म्हणून १.८ घेतलीस तर एक शपथ घे, ती कायम १.८ वरच ठेवायची. मी आईला रंकाळ्याला घेऊन गेलो, नवीन लेन्सचा पहिला फोटो आईचा म्हणून. संध्याकाळचं ऊन, मागं पाणी, संध्यामठ, सगळं जुळून आलेलं. जवळनं काढला. डाव्या डोळ्याच्या पापण्या मोजून घ्याव्यात अशा शार्प, नाक जरा मऊ, कान गायब. आईनं स्क्रीनवर बघितलं, चष्मा वर करून परत बघितलं.

"आणि रंकाळा कुठाय?"

"हे काय मागं, हिरवं हिरवं."

"मग गच्चीतच काढायचास की रे, पेट्रोल कशाला जाळलंस?"

आता ५.६ किंवा ८ करायला वेगळे पैसे पडत नव्हते, डायल तर फिरवायची होती, पण १.८ चे पैसे मोजलेत म्हटल्यावर ती बंद करायला जीव होतो का सांग.

तीच ५० घेऊन खिद्रापूरला गेलो. आपल्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ती ७५-८० सारखी बघते, हे वाचलं होतं, समजलं नव्हतं. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात वर छताला गोल मोकळं आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा, भोवतीनं कोरीव खांब. मला सगळं एका फोटोत पाहिजे होतं. मागं सरकलो, आणि सरकलो, पाठ गार दगडाला टेकली, आणि फ्रेममध्ये आलं काय तर दीड खांब आणि एका काकांची टोपी. १८-५५ घरी ठेवलेली, कारण ती 'किट' ना. (आपल्या कोल्हापुरातच सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला. रिव्ह्यू बघायची सोय नव्हती म्हणून बिचाऱ्यांना थेट कामालाच लागावं लागलं.)

पुढंमागं फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेणारच म्हणून आत्ताच २४-७० घेऊन ठेवणारेपण आहेत. क्रॉपवर ती ३६-३८ सारखी सुरू होते, वाइडचा विषयच मिटला. छान विचार आहे. पाच वर्षं झाली, बॉडी अजून तीच आहे.

आणि हो, एका दिवसासाठी लेन्स भाड्यानं आणून वापरून बघायची असलं कंजूषपणाचं काय करू नकोस. दोन-पाचशे रुपयात प्रश्न सुटला तर पुढचे तीन महिने विचार कशाचा करायचा?

राहिलं सेकंडहँड. 'मिंट कंडिशन' असं लिहिलेलं असलं की डोळे झाकून घ्यायची. मागच्या बाजूनं मोबाईलची टॉर्च मारून आत बघायचं न्हाई, समोरच्याला वाईट वाटतं. मी घरी येऊन मारली. आत कोळ्यानं संसार थाटलेला, पांढऱ्या बारीक तारा, कडेनं मधे सरकत आलेल्या. आपल्याकडचा पाऊस तुला माहितेय, जूनला सुरू झाला की कपाटातल्या चपलेलापण बुरशी येते, तिथं चामड्याच्या बॅगेत कोंबून ठेवलेल्या लेन्सचं काय घेऊन बसलास. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दोन्ही मिळून दोन मिसळीचे पैसे. म्हणून आणलं न्हाई.

आता मुद्द्याचं बोलू. माझ्याकडं एक ५० एमएम आहे आणि एक टेली. फार वापर न्हाई, एक रंकाळा, एक खिद्रापूर, एक दाजीपूर. मिंट कंडिशन. दोन्ही मिळून पंधरा हजार, तुझं बजेट बघूनच सांगतोय. आज रात्री साडेआठनंतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर ये, म्हशीचं धारोष्ण दूध माझ्याकडनं.

मोबाईल घरीच ठेवून ये.