रात्री पाय वळवळतात? कॅल्शियम हे त्याचं उत्तर नाही

एक मेसेज घरोघरी फिरतोय : रात्री पाय वळवळून झोप लागत नसेल तर कॅल्शियम कमी झालंय. हिमोग्लोबिन ठीक असेल तर तपासण्या नकोत. कॅल्शियमची गोळी घ्या, चादरीखाली साबणाची वडी ठेवा, तरीही झोप नाही आली तर सर्दीची गोळी घ्या. यातला एकही सल्ला टिकत नाही आणि शेवटचा तर त्रास वाढवणारा आहे.

आधी कॅल्शियम. पायात गोळा येतो तेव्हा पोटरी कडक होते, कळ येते. ही वळवळ वेगळी. इथे पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही. आडवं पडलं की सुरू, उठून चाललं की कमी, आणि संध्याकाळनंतर जास्त. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्येच याचं वर्णन केलंय. आज त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. याचा संबंध मेंदूतल्या लोहाशी आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी आहे, अनेकदा तो आनुवंशिकही असतो.

सगळ्यात घातक वाक्य हिमोग्लोबिनचं. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं, हिमोग्लोबिन उतरतं ते शेवटी. म्हणून तपासायचं ते फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा किती आहे ते सांगणारी रक्ताची तपासणी. लॅबच्या कागदावर २०-२५ हा आकडाही बऱ्याचदा 'नॉर्मल' दिसतो. या आजारात मात्र ७५ किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या आणि गरोदर बायकांनी, वरचेवर रक्तदान करणाऱ्यांनी हे नक्की विचारावं. लोहाच्या गोळीसोबत कॅल्शियम किंवा चहा घेतला तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणजे मेसेजचा उपाय इथे उलटाच पडतो. लोहही मनाने सुरू करू नका, जास्त झालं तर तेही बाधतं.

साबणाने अपाय नाही, पण तो उपयोगी पडतो याला पुरावाही नाही.

सर्दीची गोळी मात्र खरोखर टाळा. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन अशा गुंगी आणणाऱ्या औषधांनी वळवळ वाढू शकते. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरची काही औषधंही त्यात येतात. नैराश्याचं औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.