हातमोज्याला ‘फेअर’ शेरा देणाऱ्यांनो

गुरुवार. पुण्यात शटडाउनचा वार. सकाळी साडेसातला हत्यारांच्या स्टोअरच्या खिडकीसमोर चार वायरमन उभे, आठला फीडर (वीजपुरवठ्याची लाइन) बंद होणार, आणि आत स्टोअरकीपर मोबाइल हातात धरून देवाचा धावा करतोय. कारण हत्यारांची देवघेव नोंदवणाऱ्या ‘टूल मॅनेजमेंट’च्या अ‍ॅपला ओटीपी हवाय आणि ओटीपी ज्यांच्या नंबरवर जातो ते साहेब बाणेरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत. डिस्चार्ज रॉड, म्हणजे बंद लाइनमधली उरलेली वीज जमिनीत सोडायची काठी, समोरच खुंटीला लटकलाय. हात लांबवला तर मिळेल. पण अ‍ॅपमध्ये इश्यू झाल्याशिवाय द्यायचा नाही, असं परिपत्रक आहे!

डिजिटल करू नका असं कोणी म्हणत नाही. जुन्या वहीत ‘मेगर १, नेला पाटील’ (मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर) एवढीच नोंद असायची आणि पाटील सहा असायचे. दुखणं खरंच होतं. पण औषध देणाऱ्यांनी रोग्याची नाडीसुद्धा बघितली नाही. लॅपटॉप, खुर्च्या आणि प्रोजेक्टर मोजायला केलेलं सॉफ्टवेअर उचललं, पाटी बदलली आणि ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, कामावर आणून आदळलं. खुर्ची हरवली तर माणूस उभा राहतो. बंद लाइन जमिनीला जोडणारा अर्थिंगचा क्लॅम्प हरवला तर माणूस आडवा होतो.

ते स्टिकर आधी बघा. कागदी लेबल, त्यावर वॅक्स रिबनची (मेणाच्या शाईची) छपाई, आणि चिकटवलं कुठं? केबलच्या टोकाला धातूची टोपी (लग) दाबून बसवणाऱ्या हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलच्या डोक्यावर, जिथं तेल झिरपतं आणि दर कामानंतर फडकं फिरतं. पंधरा दिवसांत क्यूआरचं काजळ. पॉलिस्टरचं लेबल, रेझिन रिबन, वर पारदर्शक लॅमिनेशन, आणि चिकटवण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. एवढंच होतं हो!

बरं, त्या क्यूआरमध्ये भरलंय काय? नव्वद अक्षरी वेबलिंक. तेवढ्याला ४१ बाय ४१ चौकटी लागतात, भोवतीची कोरी पट्टी धरून ४९. म्हणजे १५ मिलिमीटरच्या स्टिकरवर एकेक चौकट जेमतेम ०.३ मिलिमीटरची. धुळीचा थर बसला की कारभार आटोपला. नुसता आठ आकडी नंबर टाकला असता तर तो २१ बाय २१ मध्ये, तेही ३० टक्के खराबी सोसणाऱ्या ‘एच’ पातळीवर, आरामात मावला असता आणि चौकट अर्ध्या मिलिमीटरची झाली असती. लिंक अ‍ॅपनं जोडायची असते, स्टिकरनं नव्हे.

रॉडवर आणखी मजा. गोल नळी, त्यावर क्यूआर अर्ध्या वेढ्यात गुंडाळलेला, कॅमेऱ्याला खुणेचे तिन्ही कोपरे एकदम दिसतच नाहीत. मग कोणा हुशाराच्या डोक्यातून आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वाचायचा टॅग, निघालं. साधा यूएचएफ टॅग धातूवर थेट चिकटवला की मुका होतो. त्यासाठी ऑन-मेटल टॅग वेगळा मिळतो, तो महाग, म्हणून घेतला नाही. आणि कहर म्हणजे उरलेले साधे टॅग लांबून स्विच ओढायच्या ऑपरेटिंग रॉडच्या इन्सुलेटेड भागावर चिकटवले. अरे, त्या टॅगच्या पोटात धातूची अँटेना असते! इन्सुलेशनची तेवढी लांबी तुम्ही खाऊन टाकलीत. टॅग मुठीखाली, शेवटच्या टोकाला लावायचा. चेन पुलीच्या हुकावरच नंबर पंच करणारे तर वेगळेच महाभाग. भार घेणाऱ्या जागी खाच पाडली की तडा तिथूनच धरतो. नंबराची पट्टी बॉडीवर लावा, हुकाला हात लावू नका.

नंबरांचा गोंधळ याच्याही वरताण. यादी एक्सेलमध्ये केली आणि तशीच अपलोड केली. ००४७ चा ४७ झाला. मेगरच्या सिरियल नंबरात आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘ई’ होता, एक्सेलला वाटलं दहाचा घात आहे, त्यानं अगडबंब संख्या करून ठेवली. ‘१२-३’ ची तारीख झाली. सोळा आकडी नंबराचा शेवटचा आकडा शून्य, कारण पंधरा आकड्यांपुढचं एक्सेलच्या लक्षात राहत नाही. आता तपासणीचा दाखला खऱ्या सिरियल नंबराचा, अ‍ॅपमध्ये नंबर भलताच, आणि ऑडिटर विचारतो की हे दुसरं मेगर कुठंय. कॉलम ‘टेक्स्ट’ करायचा तो नंबर आत येण्याआधी. नंतर केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

पण खरा संताप येतो तो रबरी हातमोज्यांवरून. मोजा हातात घेऊन मनगटाकडची कड बघा. पिवळी खूण, क्लास २, कमाल १७,००० व्होल्ट. शेजारी बनवल्याचा महिना आणि वर्ष. चाचणीची तारीख लिहायला जागा. म्हणजे एका मोज्याला तीन तारखा: बनवल्याची, चाचणीची, कामावर दिल्याची. अ‍ॅपमध्ये रकाना एकच, ‘खरेदी दिनांक’. पुढची तपासणी त्यात बारा महिने मिळवून आपोआप. ही बारा महिन्यांची अक्कल आली कुठून? प्रिंटरच्या वॉरंटीतून? आयईसी ६०९०३ हे अशा हातमोज्यांचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की क्लास १ ते ४ चा मोजा वापरायच्या आधीच्या सहा महिन्यांत विद्युत चाचणी झालेली हवी, मग तो पाकिटातून पहिल्यांदा निघत असला तरी. स्टोअरच्या फळीवर आठ महिने पडलेला कोरा मोजा अ‍ॅपच्या मते ठणठणीत आणि मानकाच्या मते बाद.

शिवाय मोजे ‘जोडी, नग १’ म्हणून चढवलेत. चाचणीत डावा नापास झाला तर करायचं काय? अर्धा नग रिजेक्ट करता येत नाही. मग संपूर्ण जोडी ‘ओके’. आणि वापरण्याआधी दर वेळी मोज्यात हवा भरून, कड गुंडाळून, कानाशी धरून गळती बघायची असते. त्यासाठी अ‍ॅपमध्ये खूण करायला जागा नाही. जागा आहे ती ‘कंडिशन’ला: गुड, फेअर, पुअर. फेअर मोजा म्हणजे काय हो? एक बोट सोडून बाकीचं शाबूत? मोजा एक तर वापरायचा असतो, नाहीतर कापून टाकायचा असतो. कापूनच, कारण नुसता कचऱ्यात टाकलेला मोजा कोणीतरी उचलून पुन्हा घालतो.

जोड्यांचं तसंच संचांचं. क्रिंपिंग टूल म्हणजे नुसतं टूल नाही, पेटीतल्या डायसुद्धा, केबलच्या दर मापाला एक साचा. १२० चौरस मिलिमीटरची डाय हरवली की १५० च्या डायमध्ये १२० ची लग दाबून मोकळे. जोड वरून छान दिसतो, आत सैल राहतो, भार वाढला की तापतो आणि उन्हाळ्यात ऐन दुपारी जळतो. अ‍ॅप म्हणतं टूल परत आलं, हिरवं. पेटी उघडून किती डाय आहेत हे मोजायला त्यानं सांगितलंच नाही. मेगरच्या लीड, अर्थिंग सेटचे तीन क्लॅम्प, सगळ्यांची हीच रड. मूळ वस्तूखाली तिचे भाग वेगळ्या नोंदींनी लावा आणि रिटर्न घेताना एकेकावर टिक केल्याशिवाय पुढचा स्क्रीन उघडू देऊ नका.

टॉर्क रेंचला, म्हणजे ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळायच्या पान्याला, आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे तपासणीची मुदत १२ महिने किंवा ५,००० वळणं, जे आधी होईल ते. अ‍ॅप फक्त महिने मोजतं. सोलरच्या साइटवर ५४० वॉटची पॅनेलं धरली तर दीड मेगावॉटला पावणेतीन हजारांच्या वर पॅनेलं बसतात. प्रत्येकी दोन क्लॅम्प म्हटले तरी ५,००० ची हद्द एकाच साइटवर ओलांडली जाते. पुढचे दहा महिने तोच रेंच हिरवा ठिपका मिरवत फिरतो. क्लिकचा रेंच ठेवताना सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायचं, हे रिटर्नच्या स्क्रीनवर विचारायला एक ओळ लागली असती.

कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर किती अचूक मोजतं त्याच्या, दाखल्याचं तर नाटकच झालंय. पीडीएफ चढवली की ठिपका हिरवा. आत काय लिहिलंय ते वाचतो कोण? एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली प्रयोगशाळा सहसा मोजलेली किंमत, फरक आणि अनिश्चितता देते. तो फरक तुमच्या कामाला चालतो की नाही हे तुम्ही ठरवायचं. टाँग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारं मीटर) दहा टक्के चुकतोय असं लिहिलेला दाखलासुद्धा या अ‍ॅपमध्ये ‘कंप्लायंट’ आहे. कँटीनच्या बिलाची पीडीएफ चढवली तरी हेच होईल. स्वीकाराची मर्यादा त्या वस्तूच्या नोंदीत हवी आणि दाखल्यावरचा आकडा माणसानं टाइप करायला हवा.

आणि नेटवर्क! भोरच्या डोंगरात किंवा सबस्टेशनच्या तळघरात रेंज मिळत नाही हे गल्लीतलं पोर सांगेल. म्हणून ‘ऑफलाइन मोड’ दिला. तो चालतो असा: सकाळी नऊला एकानं रेंज नसताना मोज्यावर ‘ओके’ दाबलं. अकराला दुसऱ्याला त्याच मोज्यात चीर दिसली, त्यानं वर चढून रेंज पकडली आणि ‘रिजेक्ट’ दाबलं. संध्याकाळी सहाला पहिल्याचा फोन रेंजमध्ये आला आणि सकाळचं ‘ओके’ सर्व्हरवर जाऊन रिजेक्टच्या डोक्यावर बसलं, कारण सर्व्हर नोंद कधी केली ते बघत नाही, पोचली कधी ते बघतो. स्कॅनची वेळ फोनमध्येच होती. ती सोबत पाठवली असती आणि नव्या चाचणीच्या दाखल्याशिवाय रिजेक्ट उठणार नाही एवढी एक अट घातली असती तर भागलं असतं. घातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खिडकीतून तोच चिरलेला मोजा रीतसर, ओटीपीसकट, इश्यू होतो.