‘शेवटी स्टार लावा, सगळं सापडतं’? नाही सापडत

रत्नागिरी-कुडाळ पट्ट्यात वेबसाइटची कामं करणाऱ्यांमध्ये एक सल्ला बरेच दिवस फिरतोय: ‘सर्चमध्ये स्टेमिंग चालू ठेवा, वर शब्दाच्या शेवटी स्टार लावा, म्हणजे निकाल जास्त येतात. डेटाबेस कुठलाही असो. आणि मराठीला तर नुसता स्टार पुरतो.’ यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. (स्टेमिंग म्हणजे शब्दाचं शेपूट छाटून मूळ तेवढं ठेवणं; स्टार म्हणजे ‘*’, ‘यापुढे काहीही चालेल’ अशी खूण.)

आधी ‘जास्त निकाल’. समजा, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीच्या इंग्रजी नोटिसा तुम्ही इलास्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये भरल्यात आणि इंग्रजी अ‍ॅनालायझर लावलात (तो शब्द छाटून साठवतो). इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी केलेल्या शब्दांच्या यादीत, जाताना ‘फिशिंग’चं शेपूट छाटलं जातं, उरतं फक्त ‘फिश’. छाटणीचे हे नियम मार्टिन पोर्टर यांचे, १९८० सालचे. नुसतं ‘फिशिंग’ शोधलंत तर तुमच्या शब्दावरही तीच कात्री चालते आणि नोटीस मिळते. पण ‘फिशिंग*’ दिलंत की तो शब्द स्टेमरकडे जातच नाही, फार तर कॅपिटल अक्षरांची स्मॉल होतात. मग इंजिन ‘फिशिंग’ने सुरू होणारा शब्द इंडेक्समध्ये शोधत बसतं. तो तिथे ठेवलेलाच नाही, म्हणून त्या नोटिसा गायब! ‘फिशरी*’चीही तीच गत, कारण पोर्टरच्या नियमात तिथल्या शेवटच्या वायचा आय होतो. गंमत अशी की ‘फिश*’ टाकलं तर सगळं येतं, आणि तेवढ्यावरून लोक स्टारला प्रमाणपत्र देऊन मोकळे होतात.

‘डेटाबेस कुठलाही असो’ हे तर धडधडीत चूक. पोस्टग्रेस (हाही एक डेटाबेस) उलट वागतं: आधी शब्द छाटतं, मग उरलेल्याला स्टार लावतं. त्यांच्याच माहितीपुस्तिकेत उदाहरण आहे. ‘पोस्टग्रेस’ छाटून ‘पोस्टग्र’ होतं आणि त्यात ‘पोस्टग्रॅज्युएट’ही सापडतं. म्हणजे एकीकडे हवं ते येत नाही, दुसरीकडे नको ते येतं.

मराठीचं काय? इथे स्टेमिंग नाही असं धरू. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचे जुने बाजारभाव चाळायचेत म्हणून ‘बांगडा*’ टाकलंत. ‘बांगडे’ नाहीत, ‘बांगड्याला’ नाही, कारण काना गेला की स्टारचा आधारच गेला. बरं, काना काढून ‘बांगड*’ करा. आता मासे येतात, पण सोबत काचेच्या बांगड्याही! ‘मासा*’ला ‘माशांचा’ मिळत नाही, स चा श झालेला. काना काढून ‘मास*’ केलंत तर ‘मासिक’ मिळतं, ‘माशांचा’ तरीही नाहीच. ‘विहीर*’ला ‘विहिरीत’ सापडत नाही. सामान्यरूप शब्दाच्या पोटातच बदल करतं, त्याला शेवटचा स्टार काय करणार? (आणि ‘बांगड्यांचा भाव’ म्हणजे माशांचा की काकणांचा, हे चांगल्या स्टेमरलाही सांगता येणार नाही.)

कुणी म्हणेल, मग सुरुवातीलाही स्टार लावू. पोस्टग्रेसच्या फुल-टेक्स्ट सर्चमध्ये ती सोयच नाही. इलास्टिकसर्चमध्ये आहे, पण इंडेक्समधले शब्द एकेक तपासावे लागतात, सर्च रखडतो.

करायचं ते एवढंच: तोच मजकूर दोन फील्डमध्ये ठेवायचा, एक छाटलेला, एक जसाच्या तसा. स्टार असलेली क्वेरी दुसऱ्याकडे, बाकीच्या पहिल्याकडे. पोस्टग्रेसमध्ये दुसऱ्यासाठी ‘सिंपल’ (शब्द न छाटणारं) कॉन्फिगरेशन आहे, मात्र इंडेक्स आणि क्वेरी दोन्हीकडे तेच लावा. जागा थोडी जास्त लागेल. तालुक्याच्या नोटिसांना ती कितीशी लागणार?